अडलेली बाळंतीण आणि अडलेली वाट

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. आज हे वाक्य आपण बाळंतिणीच्या कौतुकाने उच्चारतो. ज्या काळात ते रूढ झाले त्या काळी मात्र तो सरळ हिशेब होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल सादर केला. त्यात मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस असे धरले होते. म्हणजे पन्नास बाळंतपणांमागे एक आई दगावत होती. ज्या बाईला आयुष्यात सात वेळा बाळंत व्हावे लागे, तिच्यासारख्या सात-आठ जणींतील एक बाळंतपणातच संपत असे. आमच्या आजी-पणजीच्या पिढीत बाळंतपणात गेलेली एखादी आत्या वा मावशी ज्या घराच्या आठवणीत नाही, असे घर विरळाच.

वस्तुतः बहुतेक बाळंतपणे निसर्गक्रमाने सुखरूप पार पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर गर्भवतींपैकी सुमारे पंधरा जणींना गंभीर अडचण येते. मूल आडवे असते, रक्तस्राव थांबत नाही, रक्तदाब वाढून झटके येतात, वार सुटत नाही किंवा अंगात ताप भिनतो. उरलेल्या पंचाऐंशी जणींना धीर, स्वच्छता आणि जाणता हात एवढे पुरते. या पंधरा जणींना मात्र त्याहून अधिक काही वेळेत मिळावे लागते. हा लेख त्या पंधरा जणींविषयी, त्यांच्याजवळ बसलेल्या सुईणीविषयी आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला उशीर झालेल्या सर्वांविषयी आहे. त्या उशीर करणाऱ्यांत आपली ख्रिस्तसभाही एके काळी होती. तो इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

डोंगराकडची बाजू

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याच्या पूर्व भागात, तलासरीच्या हद्दीकडे, सायवन हे गाव आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. डहाणूची एक बाजू समुद्राची. तिथे रेल्वे आली, चिकूच्या वाड्या झाल्या, बाजारपेठ वाढली. दुसरी बाजू डोंगराची. तिथे वारली, कोकणा आणि इतर आदिवासी समाजांचे पाडे टेकड्यांवर आणि ओहोळांच्या काठी विखुरलेले आहेत. नकाशावर एकच दिसणारे गाव प्रत्यक्षात अनेक पाड्यांचे असते, आणि दोन पाड्यांमध्ये पावसाळ्यात एखादा ओढा भरून वाहत असतो. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेत हा भाग १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात मोडतो. तलासरीतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या ज्ञानमाता सदनामुळे या मुलखाचे नाव आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

या मुलखातील स्त्रीची गर्भावस्था कशी जात असे, हे समजण्यासाठी येथील वेठबिगारीचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा 'लग्नगडी' होई आणि नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या कामाला बांधले जात. १९४५ साली तलासरीजवळील झरी येथून या वेठीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहून ठेवली आहे. ज्या बाईच्या श्रमांवर तिचा स्वतःचाच हक्क नाही, तिला सातव्या महिन्यात विश्रांती कोण देणार? अर्धपोटी काम, एकामागून एक बाळंतपणे आणि हिवताप यांमुळे रक्त कमी झालेली बाई प्रसूतीतील थोड्याशा रक्तस्रावानेही दगावते. या समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक विकारही आढळतो. म्हणजे अवघड बाळंतपणाची सुरुवात कळा येण्याच्या कितीतरी आधी, भाताच्या खाचरात आणि रिकाम्या हंडीत झालेली असे.

सुईणीचे ज्ञान आणि त्याची सीमा

अशा बाईजवळ शतकानुशतके एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सुईण. शिकलेल्या समाजाने तिला अडाणी, अस्वच्छ आणि अंधश्रद्ध ठरवून टाकले. तिच्या काही चालीरीती घातक होत्या हे नाकारण्याचे कारण नाही. हाताशी असेल त्या साधनाने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होई. वेळेपूर्वी जोर करायला लावल्याने बाई थकून जाई. वार ओढून काढण्याच्या प्रयत्नात रक्त वाहू लागे. परंतु तिच्याजवळ दुसरेही ज्ञान होते. ती बाईला एकटी सोडत नसे. ती तिला पाठीवर निजवून न ठेवता चालू देई, उकिडवे बसू देई. आज जागतिक आरोग्य संघटना बाळंतिणीला तिच्या सोयीची स्थिती घेऊ द्यावी, सोबतीला तिच्या विश्वासाचे माणूस असावे, असे सांगते. ती शिकवण सुईणीला नवी वाटली नसती.

युरोपातील एक उदाहरण येथे बोलके आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात प्रसूतिज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुईणींच्या विभागाहून कितीतरी अधिक होत्या. शवविच्छेदन करून आलेले हातच रोग वाहून नेतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली ओळखले आणि हात धुण्याचा नियम घातला. मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा अस्वच्छ हात हा केवळ पाड्यावरच्या सुईणीचा दोष नव्हता. विद्यापीठातील पंडितांचाही होता.

सुईणीची खरी सीमा वेगळी होती. तिची विद्या धीर धरण्याची, वाट पाहण्याची. पंचाऐंशी जणींसाठी हीच विद्या उत्तम. उरलेल्या पंधरा जणींसाठी मात्र कोणत्या क्षणी वाट पाहणे थांबवायचे आणि वाट धरायची, हे कळावे लागते. आणि ते कळले तरी जायचे कुठे? डोंगरातल्या पाड्यावरून झोळीत घालून नेलेल्या बाईसाठी वाटेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसेल, तर सुईणीने वाट पाहत बसावे यात तिचा दोष तो काय?

पवित्र शास्त्रातही अवघड बाळंतपणे आली आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात तामारेच्या जुळ्यांपैकी एकाचा हात आधी बाहेर येतो आणि सुईण त्या हाताला तांबडा दोरा बांधते. हात आधी येणे किती धोक्याचे, हे कोणतीही परिचारिका सांगेल. तामार वाचली. राहेल वाचली नाही. बेथलेहेमच्या वाटेवर तिला कष्टाच्या कळा लागल्या. सुईण जवळ होती, तिने धीरही दिला. पण बन्यामीनाला जन्म देऊन राहेल वाटेतच मरण पावली आणि वाटेतच तिला मूठमाती मिळाली. सुईण सोबत असूनही वाटेत गेलेल्या साऱ्या बायकांची ती आद्य प्रतिनिधी होय.

मुंबईत दिवा, डोंगरात अंधार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात या प्रश्नाची जाणीव होऊ लागली होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसच जगले. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांनी आपल्या प्रबंधासाठी हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या बाविसाव्या वर्षापूर्वी त्या निवर्तल्या. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधी उभा राहिला. १८८६ साली मुंबईत स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. १९०३ साली दायांना शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला. १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह झाले.

हे सारे स्तुत्य होते. पण मुंबईत होते. भोर समितीच्या हिशेबात देशात साठ हजार लोकांमागे एक शिकलेली सुईण होती, आणि त्यांतल्या बहुतेक शहरांत. रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्याने निघून गेली होती. सायवनसारख्या मुलखाला तिची शिट्टीही ऐकू येत नव्हती. अशा ठिकाणी कोण जाणार? ज्यांनी घरदार सोडले आहे, ज्यांना पगाराची आणि सोयींची अपेक्षा नाही, ज्या स्वतः स्त्रिया असल्याने परपुरुषाला दार बंद असलेल्या झोपडीत जाऊ शकतात, अशा व्रतस्थ भगिनींशिवाय दुसरे कोण? उत्तर इतके उघड होते. आणि नेमके तेच ख्रिस्तसभेच्या नियमांना मान्य नव्हते.

रोमचा नियम

१९१७ साली जाहीर झालेल्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत सुईणीचा उल्लेख आहे. मूल मरणाच्या दारात असेल तर कोणीही माणूस त्याला स्नानसंस्कार देऊ शकतो. तो योग्य रीतीने कसा द्यावा हे धर्मगुरूने श्रद्धावंतांना, विशेषतः सुईणींना व वैद्यांना, शिकवावे, असे ७४३ व्या कलमात म्हटले होते. मरणाऱ्या बालकाच्या आत्म्याची ही काळजी थोर होती. त्याच संहितेच्या १३९ व्या कलमाने धर्मगुरूंना रोमच्या खास परवानगीवाचून वैद्यकी व शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली आणि ५९२ व्या कलमाने तो नियम व्रतस्थांनाही लागू केला. भगिनींनी बाळंतपण करणे तर ब्रह्मचर्याच्या व्रताला न शोभणारे मानले जात होते. १९०१ साली नव्या संघांच्या मान्यतेसाठी रोमने जे नियम ठरवले, त्यांतही हीच वृत्ती होती.

म्हणजे सुईणीला धर्मगुरूंनी प्रार्थना शिकवायची होती, पण तिच्या शेजारी बसून आईचा जीव वाचवायला कोणी भगिनी जाऊ शकत नव्हती. युरोपात या मनाईची झळ फारशी लागली नसेल, कारण तिथे डॉक्टर आणि शिकलेल्या सुईणी हाताशी होत्या. हिंदुस्थानात मात्र तिचा अर्थ निराळा होता. प्रॉटेस्टंट मिशनांना असा अडसर नव्हता. क्लारा स्वेन ही अमेरिकन डॉक्टर १८७० सालीच बरेलीला येऊन स्त्रियांवर उपचार करू लागली होती. आपल्या मराठी मुलखात विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत वैद्यकीय कार्य आरंभले होते. कॅथलिक भगिनी त्या काळी अनाथाश्रम चालवत होत्या. बाळंतपणात आई गेलेली मुले तिथे वाढत होती. ती पोरकी होऊ नयेत म्हणून आईजवळ जाण्याची मुभा तेवढी त्यांना नव्हती.

तीन स्त्रियांचा आग्रह

ही मनाई उठवण्यासाठी ज्या स्त्रियांनी आयुष्य वेचले, त्यांत तीन नावे अग्रभागी आहेत. पहिल्या डॉ. ॲग्नेस मॅकलारेन. एडिंबरोत १८३७ साली जन्मलेल्या या बाईंनी फ्रान्समध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि १८९८ साली, साठी ओलांडल्यावर, कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. रावळपिंडीत स्त्रियांसाठी त्यांनी सेंट कॅथरिन रुग्णालय उभारले. त्यांनी रोमकडे पुनःपुन्हा अर्ज केले, की भगिनींना डॉक्टर होऊ द्यावे. १९१३ साली त्या वारल्या. उत्तर त्यांच्या हयातीत आले नाही.

दुसऱ्या डॉ. ॲना डेंगेल. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातील या तरुणीने मॅकलारेन यांचे आवाहन वाचले, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि आयर्लंडमधील कॉर्क येथे शिकून १९१९ साली ती डॉक्टर झाली. १९२० साली ती रावळपिंडीस आली. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले. १९२५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे तिने तीन सहकाऱ्यांसह मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाचा पाया घातला. नियमामुळे या स्त्रियांना तेव्हा जाहीर व्रते घेता येत नव्हती. त्यांनी व्रतांसाठी रुग्णांना ताटकळत ठेवले नाही. आधी काम सुरू केले आणि मान्यतेची वाट पाहिली.

तिसऱ्या डॉ. मेरी ग्लाऊरी. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला डॉक्टर झालेल्या या बाईंनी मॅकलारेन यांच्या जीवनावरील पुस्तिका वाचली आणि १९२० साली त्या आंध्रातील गुंटूरला येऊन येशू-मरिया-योसेफ संघात भगिनी झाल्या. परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने त्यांना भगिनी असूनही वैद्यकी करता आली. त्यांनी स्थानिक मुलींना परिचारिका व सुईणी म्हणून शिकवले. १९४३ साली त्यांच्या पुढाकाराने देशातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली, ती आजही कार्यरत आहे. १९५७ साली बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लुर्द मातेच्या सणादिवशी, रोमच्या धर्मप्रसार मंडळाने एक आदेश काढला. मिशनच्या प्रदेशांतील माता आणि अर्भके यांच्या शुश्रूषेसाठी भगिनींनी पुढे यावे, त्यासाठी वैद्यकाच्या पदव्या व परिचर्येची प्रमाणपत्रे मिळवावीत, असे त्यात सांगितले होते. जे काल न शोभणारे होते, ते आज प्रेमाचे कर्तव्य ठरले. मॅकलारेन यांच्या मृत्यूनंतर हा दिवस उजाडण्यास तेवीस वर्षे लागली.

या विलंबाचा दोष देऊन आम्हांस कोणाला खाली पाहायला लावायचे नाही. परंतु त्यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. ज्यांना प्रसंग कधी ओढवणार नव्हता त्यांनी नियम केला होता, आणि ज्यांनी मरणारी बाळंतीण पाहिली होती त्यांनी तो बदलवून घेतला.

जाणते हात आणि आलेख

१९३६ नंतरचा काळ वैद्यकाच्याही दृष्टीने भाग्याचा होता. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारे अर्गोमेट्रिन १९३५ साली हाती आले. प्रसूतिज्वरावर सल्फा औषधे आणि पुढे पेनिसिलिन आले. रक्त साठवून देता येऊ लागले. पोट उघडून मूल काढणे सुरक्षित झाले. आता वाटेच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी होते.

स्वतंत्र भारतात सहायक परिचारिका-प्रसाविकांचा अभ्यासक्रम १९५१ साली सुरू झाला, तोही पंजाबातील तरन तारन येथील सेंट मेरीज या ख्रिस्ती रुग्णालयात. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा पुढे निकष ठरला. सायवनचे प्राथमिक आरोग्य केंद्र याच व्यवस्थेचा भाग होय. तिथली नर्सबाई ही सुईणीची वारसदार आहे. फरक इतकाच की तिच्या हाती रक्तदाब मोजण्याचे यंत्र, रक्ताची तपासणी आणि इंजेक्शन आले.

वाट पाहणे केव्हा थांबवायचे, या जुन्या प्रश्नाला १९७२ साली आफ्रिकेत एक साधे उत्तर सापडले. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी दूरच्या दवाखान्यांतील प्रसाविकांसाठी एका कागदावर आलेख आखून दिला. गर्भाशयाचे मुख दर तासाला किती उघडते ते त्यावर मांडायचे. एक सावधतेची रेघ, तिच्या पुढे चार तासांवर कृतीची रेघ. नोंद पहिल्या रेघेपलीकडे गेली की बाईला मोठ्या रुग्णालयाकडे हलवायची तयारी करायची. चार तास हे त्या आलेखातील वाटेसाठी राखलेले तास होत. शहाणपण असे कागदावर उतरले आणि जगभरच्या प्रसाविकांच्या हाती पोहोचले. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नवी आवृत्ती दिली.

आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जे केले, तेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांनी गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. साधे बाळंतपण स्वच्छतेने करणे आणि अतिजोखमीची गर्भवती आधीच ओळखून तिला रुग्णालयात पाठवणे, हे त्या शिकल्या. गडचिरोलीत १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही गावच्या दायांना तुच्छ न लेखता सहकारी केले. दोन्हीकडे सूत्र एकच होते: गावचे हात आणि रुग्णालयाचे ज्ञान यांच्यामध्ये जिवंत वाट ठेवणे.

सरकारी धोरण नंतर संस्थेतील प्रसूतीकडे वळले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, रक्त, औषधे आणि ने-आण विनामूल्य झाली. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विशेष तपासणी होते. फळ दिसले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाल्याचे आढळले. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ३३ आणि देशाचे ९७ होते. भोर समितीचा आकडा याच मापाने मोजला तर दोन हजार होतो. हा प्रवास सामान्य नव्हे. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसाविकांची स्वतंत्र, अठरा महिन्यांच्या जादा प्रशिक्षणाची श्रेणी निर्माण करण्याचे ठरवले, म्हणजे सुईणपण पुन्हा सन्मानाने परत येत आहे.

तीन विलंब

मग अजून बाळंतिणी का मरतात? १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी या मृत्यूंची कारणे तीन विलंबांत सांगितली. घरी निर्णय घेण्यातला विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. सायवनच्या दिशेने पाहिले म्हणजे हे तिन्ही विलंब एका रांगेत दिसतात. पाड्यावर आधी भगताकडे जायचे की नर्सबाईंकडे, हे ठरेपर्यंत रात्र होते. मग ओढा, मग रस्ता, मग वाहन. प्राथमिक केंद्रात शस्त्रक्रियेची सोय नसते, म्हणून पुढे कासा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हजर असली तर ठीक. नाही तर आणखी पुढे. या मुलखातील अनेक गर्भवतींना शेवटी राज्याची सीमा ओलांडून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात न्यावे लागते. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईजवळ कधी कधी दोन तासही नसतात. राहेलीची वाट अजून संपलेली नाही.

यांतला तिसरा विलंब मुख्यतः शासनाने दूर करायचा आहे आणि त्यासाठी ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत विचारणा करणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. पहिल्या दोन विलंबांत मात्र धर्मग्रामाला पुष्कळ करता येईल. अंगावर रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, कळांपूर्वी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, बारा तासांहून अधिक कळा, ही धोक्याची लक्षणे विवाहपूर्व शिबिरांत मुलांनाही शिकवली पाहिजेत, कारण निर्णय बहुधा नवऱ्याचा व सासूचा असतो. धर्मग्रामात ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांची आणि रक्तदात्यांची रक्तगटांसह यादी सिद्ध ठेवता येईल. अतिजोखमीच्या मातेने दिवस भरत येताच केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून आदिवासी भागात 'माहेरघर' ही योजना निघाली. बाई तिथे आली तर मागे घरच्या लेकरांना कोण सांभाळणार, हा प्रश्न शेजारणीच सोडवू शकतात. मरियामाता डोंगराळ प्रदेशात उतारवयात गरोदर राहिलेल्या अलिशिबेकडे गेली आणि तीन महिने राहिली, याचा व्यवहारातील अर्थ आम्ही तरी असाच समजतो.

शेवटी एक काम इतिहासाचे. वसईच्या जुन्या धर्मग्रामांत स्नानसंस्काराच्या आणि दफनाच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. या दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर एकाच आठवड्यात बाळाचा स्नानसंस्कार आणि त्याच्या आईचे दफन अशा जोड्या हाती लागतील, आणि भोर समितीच्या आकड्याला नावे मिळतील. डोंगराकडच्या पाड्यांत अशी वही नव्हती. तिथल्या आया नोंद न होताच गेल्या. २०१० पासून देशात प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून तो का झाला, कोणता विलंब नडला, हे लिहून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आहे. आपल्या परिसरात असा मृत्यू ओढवला, तर 'देवाची इच्छा' म्हणून गप्प न राहता ती चौकशी झाली की नाही, एवढे तरी आपण विचारावे. मॅकलारेन, डेंगेल आणि ग्लाऊरी यांनी विचारणेच चालू ठेवले होते.